ओढ्यात रसायन सोडलंय: तक्रार शेवटपर्यंत टिकेल अशी कशी करायची

ओढ्याचं पाणी तांबडं होतं, फेस येतो, मासे वर येतात. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात, तहसीलदारांना निवेदन जातं, बातमी छापून येते. मग काही आठवड्यांनी प्रदूषण नियंत्रण मंडळाचं एका परिच्छेदाचं उत्तर मिळतं: ‘स्थळपाहणीच्या वेळी विसर्ग आढळून आला नाही.’ प्रकरण तिथेच संपतं.

कायद्यात दम नाही म्हणून असं होतं, ही समजूत अर्धीच खरी आहे. बहुतेक प्रकरणं कोर्टात पोचण्याआधीच मेलेली असतात. नमुना चुकीच्या पद्धतीने घेतलेला असतो, कारखान्याचं नाव चुकलेलं असतं, तारीख कुठेच लिहिलेली नसते. म्हणून हा लेख कलमांपेक्षा बाटली, सील, तारीख आणि पाण्याचं बिल यांच्याबद्दल जास्त आहे. उदाहरण एकच घेतलं आहे: महाराष्ट्रात औद्योगिक वसाहतीच्या खालच्या अंगाला असलेला ओढा किंवा नदी. ‘मंडळ’ म्हणजे इथे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ. गोव्यातल्या वाचकांनी त्याच्या जागी गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ वाचावं. केंद्रीय कायदे तेच आहेत आणि राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पुण्याचं खंडपीठही तेच.

कायदा कोणता लागतो

मुख्य कायदा म्हणजे जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४. कलम २४ प्रवाहात घातक द्रव्य सोडायला मनाई करतं, कलम २५ मंडळाच्या परवानगीशिवाय, म्हणजे संमतीपत्राशिवाय, सांडपाणी सोडायला मनाई करतं, आणि कलम ३३-अ नुसार मंडळ कारखाना बंद करण्याचे, वीज-पाणी तोडण्याचे निर्देश देऊ शकतं. सोबत पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ येतो. रसायन टँकरने आणून ओतलं असेल तर घातक कचऱ्याचे २०१६ चे नियमही लागतात.

इथे एक खाचखळगा आहे. जन विश्वास कायदा २०२३ मध्ये आला आणि १ एप्रिल २०२४ पासून पर्यावरण संरक्षण कायद्यातल्या बहुतेक उल्लंघनांची कैद जाऊन तिथे १० हजार ते १५ लाख रुपयांची शास्ती आली. ती न्यायाधीश लावत नाही, सचिव दर्जाचा निर्णय अधिकारी लावतो. जल कायद्यात तसाच बदल २०२४ च्या दुरुस्तीने झाला, पण ती दुरुस्ती सुरुवातीला हिमाचल प्रदेश, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांपुरती होती. बाकी राज्यांत विधिमंडळाने तसा ठराव केल्यावरच ती लागू होते. म्हणून घटनेची तारीख आणि त्या तारखेला आपल्या राज्यात लागू असलेला मजकूर, या दोन गोष्टी नोटीस लिहिण्याआधी तपासा. जुनं कलम टाकून पाठवलेली नोटीस कारखान्याचा वकील आनंदाने वाचतो. संमतीपत्र न घेताच कारखाना चालवणं हा मात्र दुरुस्तीनंतरही कैदेचाच गुन्हा आहे, आणि तो सिद्ध करायला पाण्याचा थेंबही तपासावा लागत नाही. त्यामुळे संमतीपत्र आहे का आणि त्याची मुदत संपली आहे का, हे सगळ्यात आधी बघा.

पहिले काही तास

विसर्ग चालू असतानाच काम करायचं असतं. पाणी बंद झालं की उरतो तो फक्त वास.

१. मोबाइलमध्ये स्थान नोंदवण्याची सोय चालू ठेवून फोटो आणि व्हिडिओ घ्या. व्हिडिओ सलग असावा: रस्त्यावरची पाटी किंवा कुंपणाची खूण, मग नाला, मग पाइपचं तोंड, मग प्रवाह. तुकडे जोडू नका, वर मजकूर किंवा गाणं टाकू नका. मूळ फाइल त्या फोनमध्येच राहू द्या, कारण व्हॉट्सअ‍ॅपवरून गेलेल्या प्रतीत मूळ माहिती उरत नाही. पुढे भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्यात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइल बदलली की बदलणारा तिचा डिजिटल ठसा, लिहायचं असतं आणि त्याचा एक भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. म्हणून हॅश त्याच दिवशी काढून ठेवा.

२. एका वहीत तारीख, वेळ, रंग, वास, पाऊस होता का, सुट्टी होती का, हे लिहा. खाली दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. ही वही पुढे भरपाईच्या हिशोबात कशी कामी येते ते खाली येईलच.

३. मंडळाच्या उपप्रादेशिक अधिकाऱ्याला फोन करा आणि लगेच ईमेल पाठवा. ईमेलमध्ये एक वाक्य असायलाच हवं: ‘विसर्ग आत्ता चालू आहे, जल कायद्याच्या कलम २१ नुसार कायदेशीर नमुना घेण्यात यावा.’ जिल्हाधिकाऱ्यांना प्रत द्या. विषारी वायूचा त्रास होत असेल तर ११२ वर फोन करा.

४. पाइपच्या तोंडाशी उतरू नका, चेंबरचं झाकण उघडून डोकावू नका. सल्फाइड असलेल्या पाण्यात आम्ल मिसळलं की हायड्रोजन सल्फाइड सुटतो, आणि जास्त प्रमाणात असला की त्याचा वासही येईनासा होतो. उल्हासनगरात नोव्हेंबर २०१४ मध्ये वालधुनी नदीत टँकरने सोडलेल्या रसायनामुळे शेकडो लोकांना त्रास झाला होता. कारखान्याच्या हद्दीतही शिरू नका. तसं केलंत तर तुमच्यावरच अतिक्रमणाची तक्रार होते आणि मूळ विषय बाजूला पडतो.

माशांबद्दल थोडं सविस्तर. मासे मेल्यावर कारखान्याचं ठरलेलं उत्तर असतं की उन्हाळ्यात पाणी कमी, ऑक्सिजन कमी, मासे मरणारच. ते कधीकधी खरंही असतं. शेवाळाने भरलेल्या पाण्यात पहाटे विरघळलेला ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो आणि दुपारी वाढतो. म्हणून पहाटे आणि दुपारी, विसर्गाच्या वर आणि खाली, अशा चारही वेळा-जागांचं मोजमाप मागा. वरच्या अंगाला मासे जिवंत असतील आणि खाली भर दुपारीही ऑक्सिजन नसेल, तर नैसर्गिक कारणाचं उत्तर टिकत नाही. तपासणीसाठी कुजलेले मासे कामाचे नसतात, तडफडणारे किंवा नुकतेच मेलेले मासे बर्फात ठेवून मत्स्यव्यवसाय विभागाकडे द्या.

नमुना: प्रकरण इथे जिंकतं किंवा हरतं

तुम्ही बिसलरीच्या बाटलीत भरलेलं पाणी हा कायदेशीर नमुना नाही. जल कायद्याखाली नमुना फक्त मंडळाचा अधिकृत अधिकारी घेऊ शकतो. कलम २१ मध्ये त्याची पद्धत ठरलेली आहे: नमुना तपासणीसाठी घेत असल्याची नोटीस कारखानदाराला किंवा त्याच्या माणसाला जागेवरच देणं, त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करणं, दोन्ही बाटल्यांना खूण करून सील लावणं, दोघांच्या सह्या घेणं, एक बाटली लगेच मंडळाच्या प्रयोगशाळेकडे पाठवणं आणि कारखानदाराने मागणी केली तर दुसरी शासनाच्या प्रयोगशाळेकडे पाठवणं. तो मुद्दाम गैरहजर राहिला तर वाट वेगळी आहे. तेव्हा बाटली शासनाच्या प्रयोगशाळेकडे जाते आणि गैरहजेरी शासकीय विश्लेषकाला लेखी कळवावी लागते. यातली एक पायरी चुकली तरी तो अहवाल कोणत्याही कायदेशीर कारवाईत पुरावा म्हणून चालत नाही, असं कायद्यातच लिहिलं आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये एका बाटलीबंद पेयांच्या कारखान्याच्या प्रकरणात केंद्रीय मंडळाचा अहवाल नेमका याच मुद्द्यावर बाजूला ठेवला. कारखान्याच्या प्रतिनिधीने नमुना सरकारी प्रयोगशाळेत तपासा म्हटलं होतं आणि मंडळाने तो आपल्याच प्रयोगशाळेत तपासला होता.

मंडळाचे अधिकारी दोन प्रकारचे नमुने घेतात: नेहमीच्या देखरेखीचा आणि कायदेशीर. पहिल्यावर कारणे दाखवा नोटीस निघते, पण खटला उभा राहत नाही. अधिकारी आल्यावर शांतपणे विचारा, ‘साहेब, हा लीगल सॅम्पल आहे का?’ आणि उत्तर वहीत लिहा. तुम्हाला पंच म्हणून सही करता आली तर उत्तमच. पंचनामा पूर्ण वाचा. ‘नमुना घेतला’ एवढंच लिहिलं असेल तर कोणत्या बिंदूवरून, किती वाजता, किती बाटल्या आणि सील क्रमांक काय, हे लिहून घ्या.

कुठून घ्यायचा, हा पुढचा प्रश्न. सर्वसाधारण चूक अशी की अधिकारी कारखान्यात जातात आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या शेवटच्या टाकीतून बाटली भरतात. तिथलं पाणी स्वच्छच असतं, कारण घाण पाणी त्या टाकीत पोचलेलंच नसतं. ते बायपासने, पावसाच्या पाण्याच्या गटारातून किंवा टँकरने गेलेलं असतं. म्हणून लेखी मागणी करा की नमुने निदान या जागांवरून घ्यावेत: ओढ्यात विसर्गाच्या वर, प्रत्यक्ष तोंडाशी, खाली पाणी पूर्ण मिसळल्यावर, कारखान्याच्या पावसाळी गटाराच्या शेवटच्या चेंबरमध्ये आणि प्रक्रिया केंद्राच्या आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या पाण्यात. वरच्या अंगाचा नमुना नसेल तर ‘घाण वरूनच येते’ या एका वाक्यावर बचाव उभा राहतो.

एकाच गटारात सहा-सात प्लॉटचं पाणी येत असेल तर कोणाचं ते ठरवणं खरंच अवघड असतं. तेव्हा प्रत्येक प्लॉटच्या चेंबरमध्ये रंगद्रव्य टाकून ते कुठे निघतं ते बघण्याची मागणी करा. हिरवट चमकणारं फ्लुओरेसिन त्यासाठी वापरतात. एमआयडीसीची सांडपाणी वाहिनी तुंबून चेंबर वाहत असेल तर जबाबदारी फक्त कारखान्यावर येत नाही, एमआयडीसी आणि सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र, म्हणजे सीईटीपी, यांनाही पक्षकार करावं लागतं.

बाटल्यांचे नियम अधिकाऱ्यालाही कधीकधी आठवून द्यावे लागतात:

- बीओडीसाठी (पाण्यातली सेंद्रिय घाण कुजताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) नमुना बर्फात, ४ अंश सेल्सियसच्या आसपास, आणि शक्यतो २४ तासांत प्रयोगशाळेत. दोन दिवस गाडीच्या डिकीत राहिलेल्या नमुन्याचा बीओडी आपोआप कमी येतो आणि फायदा कारखान्याला मिळतो.
- सीओडीसाठी (घाणीचं रसायनाने ऑक्सिडीकरण करायला लागणारा ऑक्सिजन) गंधकाम्ल टाकून सामू २ च्या खाली आणायचा.
- जड धातूंसाठी नत्राम्ल, सामू २ च्या खाली, प्लास्टिकची किंवा आम्लाने धुतलेली बाटली.
- तेल-ग्रीससाठी रुंद तोंडाची काचेची बाटली. ती त्याच पाण्याने विसळायची नाही, कारण तेल काचेला चिकटतं आणि आकडा चुकतो.
- सायनाइडचा संशय असेल तर आम्ल अजिबात नको, उलट कॉस्टिक सोडा टाकून सामू १२ च्या वर न्यायचा.

सामू आणि तापमान जागेवरच मोजून पंचनाम्यात लिहायचं असतं, विरघळलेला ऑक्सिजनही जागेवरच मोजतात किंवा रसायन टाकून तिथेच स्थिर करतात. आणखी एक: कोणते घटक तपासायचे ते मागणीत नाव घेऊन लिहा. रंग-रसायनाच्या कारखान्याच्या पाण्यात फक्त सामू, बीओडी, सीओडी तपासले तर खरा गुन्हेगार घटक अहवालात येतच नाही. कारखाना काय बनवतो ते संमतीपत्रात लिहिलेलं असतं. त्यावरून यादी काढा.

नदी-नाल्यात सोडण्याच्या पाण्याची सर्वसाधारण मानकं पर्यावरण संरक्षण नियमांच्या सहाव्या अनुसूचीत आहेत: सामू ५.५ ते ९, बीओडी (२७ अंशांवर ३ दिवस) ३० मिग्रॅ/लिटर, सीओडी २५०, तरंगणारे घन पदार्थ १००, तेल-ग्रीस १०. पण कारखान्याच्या संमतीपत्रात यापेक्षा कडक अट असेल तर तुलना तिच्याशी करायची. आणि ही मानकं विसर्गाची आहेत, नदीच्या पाण्याची नाहीत. नदीतल्या नमुन्याचा बीओडी २५ आला म्हणून ‘मर्यादेत आहे’ असं उत्तर कोणी दिलं, तर त्याने दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत केली आहे.

मग स्वतः भरलेली बाटली फुकट का? तसं नाही. पर्यावरण संरक्षण कायद्याखाली मान्यता असलेल्या किंवा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या खासगी प्रयोगशाळेचा माणूस बोलावून नमुना घेतला, तर तो फौजदारी खटल्यात चालत नसला तरी हरित न्यायाधिकरणात प्रथमदर्शनी पुरावा म्हणून उपयोगी पडतो. त्याच्या जोरावर न्यायाधिकरण स्वतःची संयुक्त समिती नेमतं. पीएच पट्टी आणि टीडीएस मीटर मात्र फक्त तुमच्या माहितीसाठी. कोणत्या रात्री अधिकाऱ्याला उठवायचं ते त्यावरून कळतं, इतकंच.

पाण्याचा हिशोब

हे काम कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच फारसं कोणी करत नाही. खरं तर बायपास पकडायचा हा सगळ्यात भरवशाचा मार्ग आहे, कारण नमुना नाकारता येतो, स्वतःचंच बिल नाकारता येत नाही.

समजा, संमतीपत्रात कारखान्याला दिवसाला ६० घनमीटर सांडपाण्याची परवानगी आहे. वसाहतीत याला ६० सीएमडी म्हणतात. एमआयडीसीचं पाण्याचं बिल महिन्याला ४,५०० घनमीटर आहे, म्हणजे दिवसाला १५०. बॉयलर, कूलिंग टॉवरमधलं बाष्पीभवन, मालात गेलेलं पाणी आणि बाग हे सगळं संमतीपत्रातल्या तक्त्यानुसार वजा करा. समजा ते ५० झालं. उरले १००. सीईटीपीच्या नोंदीत या कारखान्याकडून आलेलं पाणी ५५ असेल, तर रोजच्या ४५ घनमीटरचं उत्तर कारखान्याने द्यायचं आहे. बोअरवेल असेल तर हा फरक आणखी वाढतो.

असाच ताळा आणखी तीन ठिकाणी लावता येतो. प्रक्रिया केंद्राचं वेगळं वीज मीटर असेल तर त्याचं वाचन बघा. ब्लोअर रोज चालत असेल तर युनिट दिसायला हवेत. चुना, फटकी, पॉलिमर यांची खरेदी बघा. आणि गाळ बघा. रासायनिक प्रक्रिया केली की गाळ तयार होतोच आणि तो तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरीसारख्या घातक कचरा विल्हेवाट केंद्रात फॉर्म १० च्या मॅनिफेस्टवर, म्हणजे कचऱ्याच्या वाहतूक-पत्रावर, जावा लागतो. त्या मॅनिफेस्टच्या वेगवेगळ्या रंगांच्या सात प्रती असतात. वर्षभर केंद्र ‘पूर्ण क्षमतेने’ चाललं आणि गाळ दोन पोती निघाला, हे जमत नाही. जे कारखाने ‘झेडएलडी’, म्हणजे शून्य विसर्गाचा दावा करतात, त्यांच्याकडे बाष्पीभवन यंत्राच्या वाफेचा आणि इंधनाचा हिशोब मागावा. पाणी आटवायला इंधन लागतं आणि इंधनाला बिल असतं.

हे कागद मिळवायचे माहिती अधिकारातून. महाराष्ट्रात जोडपत्र ‘अ’, शुल्क १० रुपये, एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा. म्हणून मंडळाकडे तीन-चार वेगवेगळे अर्ज करा: संमतीपत्र आणि त्याच्या सगळ्या दुरुस्त्या, गेल्या तीन वर्षांतले नमुना-अहवाल आणि स्थळपाहणी अहवाल, दिलेल्या नोटिसा, निर्देश, बँक हमी, घातक कचऱ्याचं वार्षिक विवरण. पाण्याच्या बिलासाठी अर्ज एमआयडीसीकडे. ‘त्रयस्थ व्यक्तीची माहिती’ म्हणून नकार आला तर पहिल्या अपिलात लिहा की सांडपाण्याचे आकडे हे व्यापारी गुपित नाही आणि ते उघड होण्यात व्यापक सार्वजनिक हित आहे. अपिलाची मुदत ३० दिवसांची आहे, शुल्क २० रुपये. अर्ज करण्याआधी मंडळाच्या संकेतस्थळावर संमतीपत्र शोधून बघा. अनेक संमतीपत्रं तिथे असतात आणि महिना वाचतो.

मंडळाकडे तक्रार आणि पुढचा नेहमीचा प्रवास

तक्रारीत कंपनीचं नोंदणीकृत नाव लिहा, फाटकावरच्या बोर्डावरचं नव्हे. उत्तर प्रदेशातल्या एका डिस्टिलरीच्या प्रकरणात मंडळाने तक्रारीत कारखान्याचं नाव घातलं, मालक कंपनीचं घातलं नाही. उच्च न्यायालयाने खटला रद्द केला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने ही चूक दुरुस्त होण्यासारखी आहे म्हणून तो परत सुरू केला, पण वर्षं गेली ती गेली. १९८० च्या दशकातलं ते प्रकरण २००८ मध्ये पुन्हा सर्वोच्च न्यायालयात होतं, तेव्हाही वाद संचालकांवर खटला चालवायचा की नाही एवढाच होता. कंपनीचं नाव, प्लॉट क्रमांक आणि कामकाजाला जबाबदार संचालकांची नावं कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून आणि संमतीपत्रावरून जुळवून घ्या.

मंडळाची कारवाई साधारण अशी चालते: कारणे दाखवा नोटीस, प्रस्तावित निर्देश, अंतरिम निर्देश आणि बँक हमी, शेवटी बंदचे निर्देश. आणि मग, पुष्कळदा काही आठवड्यांतच, सशर्त पुन्हा सुरू करण्याचा आदेश. तक्रारदार ‘कारखाना बंद’ ही बातमी वाचून थांबतात. पुन्हा सुरू करण्याच्या आदेशातल्या अटी मात्र कोणी वाचत नाही. त्या अटी, त्यांच्या मुदती आणि पूर्ततेचा अहवाल लगेच मागवा. अट मोडल्याचा पुरावा पहिल्या विसर्गाच्या पुराव्यापेक्षा सोपा असतो, कारण इथे नमुन्याची गरज नसते, तारीख पुरते.

मंडळ मवाळ का असतं, याला भ्रष्टाचार हे एकच उत्तर देणं सोपं आहे. प्रत्यक्षात एका क्षेत्र अधिकाऱ्याकडे शेकड्याने उद्योग असतात. नमुने, संमतीपत्रांचे अर्ज, न्यायालयांचे अहवाल, गणपतीतला आवाज, सगळं तोच बघतो. त्याला रात्री दोन वाजता येणं जमावं असं वाटत असेल तर त्याला नेमकी जागा, नेमकी वेळ आणि मागचे विसर्ग कधी कधी झाले ते द्या: अमुक चेंबर, शनिवारी रात्री, दोन ते चार. पहिल्या पावसात, लागून आलेल्या सुट्ट्यांत आणि वीज गेल्यावर विसर्ग जास्त होतात, हे वहीतून दिसतं.

फौजदारी वाट

जल कायद्याखाली पोलीस ठाण्यात एफआयआर नोंदवून खटला उभा राहत नाही. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तक्रार मंडळानेच करायची असते, किंवा मंडळाला ६० दिवसांची नोटीस दिलेल्या कोणत्याही व्यक्तीने. नोटिशीत गुन्ह्याचा तपशील आणि स्वतः तक्रार दाखल करण्याचा इरादा, दोन्ही स्पष्ट हवं. ‘योग्य कारवाई करावी’ एवढंच लिहिलेलं निवेदन ही नोटीस ठरत नाही. नोटीस रजिस्टर पोस्टाने सदस्य सचिवांच्या नावे पाठवा, पोचपावती जपा. कलम ४९ नुसार तुम्ही मागितलेले संबंधित अहवाल मंडळाने द्यायचे असतात. या हक्काचा वापर फार कमी होतो.

१ जुलै २०२४ पासून खासगी तक्रारीची दखल घेण्याआधी आरोपीला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. म्हणजे आणखी काही तारखा. प्रामाणिकपणे सांगायचं तर एकट्या गावाने ही वाट पहिल्यांदा धरू नये. वाजवी शंकेपलीकडे पुरावा लागतो आणि तो कलम २१ च्या नमुन्याशिवाय उभा राहत नाही. पाणवठा नासवण्याच्या गुन्ह्यासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम २७९ आहे, पण शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, एवढीच. टँकर रंगेहाथ पकडला तर मात्र पोलिसांना लगेच बोलवा, गाडीचा क्रमांक, चालकाकडचा मॅनिफेस्ट आणि पंचनामा यांसाठी.

हरित न्यायाधिकरण

पुण्याच्या खंडपीठाकडे महाराष्ट्र, गुजरात, गोवा आणि दादरा-नगर हवेली व दमण-दीव येतात. न्यायाधिकरण कैदेची शिक्षा देण्यासाठी नाही, ते विसर्ग थांबवणं, नुकसानभरपाई आणि नदी पूर्ववत करणं यासाठी आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायदा, २०१० च्या अनुसूचीत वन्यजीव कायदा आणि १९२७ चा वन कायदा नाहीत, त्यामुळे शिकारीचा किंवा लाकूडतोडीचा खटला इथे येत नाही.

मुदती पाठ करा. कलम १४ खाली, कारण पहिल्यांदा घडल्यापासून ६ महिने, सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस. त्यानंतर न्यायाधिकरणालाही मुदत वाढवता येत नाही. कलम १५ खाली, भरपाई आणि पूर्वस्थितीसाठी, ५ वर्षं आणि ६० दिवस. संमतीपत्र किंवा पर्यावरण मंजुरीविरुद्ध अपील असेल तर फक्त ३० दिवस आणि वर ६०. ‘पंधरा वर्षांपासून प्रदूषण चालू आहे’ हे वाक्य निवेदनात भारी वाटतं, अर्जात पहिल्याच परिच्छेदात लिहिलं तर मुदतीचा आक्षेप तुम्हीच ओढवून घेता. जुना इतिहास पार्श्वभूमी म्हणून द्या, कारण म्हणून गेल्या सहा महिन्यांतल्या तारखा द्या, आणि कलम १५ ची मागणी सोबत जोडा.

भरपाई मागितली नसेल तर शुल्क १,००० रुपये, मागितली असेल तर रकमेच्या १ टक्का. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही. वकिलाशिवाय स्वतः उभं राहता येतं. मराठी कागदांना इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं, त्याला दोन आठवडे धरा. प्रतिवादी: मंडळ, केंद्रीय मंडळ, जिल्हाधिकारी, कंपनी, आणि गरजेप्रमाणे एमआयडीसी व सीईटीपी.

न्यायाधिकरण बहुधा संयुक्त समिती नेमतं. समितीचं काम तुमच्या मागणीवर अवलंबून असतं, म्हणून मागणी ढोबळ ठेवू नका. पूर्वसूचना न देता पाहणी, निदान एक रात्रीची, नमुन्याचे बिंदू आणि घटक नावानिशी, विहिरींचे नमुने, पाण्याचा ताळेबंद, अहवालाची मुदत, हे सगळं लिहा. समितीत तेच मंडळ असतं ज्याच्यावर तुमची तक्रार आहे. त्यामुळे अहवाल आल्याबरोबर आक्षेप दाखल करणं हे निम्मं काम आहे. आक्षेप नसला तर अहवाल तुम्हाला मान्य आहे असंच धरलं जातं. वृत्तपत्रातल्या बातमीवरूनही न्यायाधिकरण स्वतःहून दखल घेऊ शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या कचऱ्याच्या प्रकरणात ७ ऑक्टोबर २०२१ रोजी स्पष्ट केलं, पण त्याची वाट बघत बसू नका, सहा महिने चालूच असतात.

भरपाईचा आकडा कसा निघतो

केंद्रीय मंडळाचं सूत्र गुणाकाराचं आहे: प्रदूषण निर्देशांक × उल्लंघनाचे दिवस × रुपयांचा गुणक × उद्योगाचा आकार × ठिकाण. मंडळ उद्योगांना प्रदूषणाच्या प्रमाणानुसार रंगांचे वर्ग देतं, लाल सगळ्यात जास्त प्रदूषणाचा. निर्देशांक लाल वर्गासाठी ८०, नारिंगीसाठी ५०, हिरव्यासाठी ३०. रुपयांचा गुणक १०० ते ५००, सुचवलेला २५०. आकार: लघु ०.५, मध्यम १, मोठा १.५. ठिकाण: दहा लाखांखालच्या वस्तीला १, पुढे वस्तीनुसार २ पर्यंत. दिवसाला किमान ५,००० रुपये.

मोठा, लाल वर्गातला कारखाना, ४० दिवस, छोटं गाव: ८० × ४० × २५० × १.५ × १ = १२ लाख रुपये. यातले चार आकडे ठरलेलेच असतात. भांडण होतं ते दिवसांवर. मंडळ मोजणी नोटिशीपासून पुढच्या पाहणीपर्यंत धरतं, कंपनी ‘एकच दिवस, अपघाताने’ म्हणते. मधल्या दिवसांची साक्ष फक्त तुमच्या त्या वहीत असते, म्हणून ती सह्यांसह हवी. हे सूत्र शेतीचं, विहिरींचं, जनावरांचं नुकसान धरत नाही. ते कृषी सहायकाचा पंचनामा, विहिरीच्या पाण्याचा अहवाल आणि पशुवैद्यकाचा दाखला जोडून कलम १५ खाली वेगळं मागायचं.

आदेश हातात आल्यावर

राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडी गावात रासायनिक कारखान्यांनी विहिरी नासवल्या. सर्वोच्च न्यायालयाचा ‘प्रदूषण करील त्याने भरावं’ हा निकाल फेब्रुवारी १९९६ चा, आणि सुमारे ३७ कोटी रुपये चक्रवाढ व्याजासह भरण्याचा आदेश जुलै २०११ चा. मधली पंधरा वर्षं एकामागून एक अर्जांत गेली. तेव्हा आदेश आला की लगेच कॅलेंडरवर चार तारखा टाका: पैसे भरण्याची, अनुपालन अहवालाची, कंपनीच्या सर्वोच्च न्यायालयातल्या अपिलाची (९० दिवस), आणि तुमच्या अंमलबजावणी अर्जाची. न्यायाधिकरणाचा आदेश दिवाणी हुकूमनाम्यासारखा अंमलात आणता येतो, त्यासाठी कायद्याचं कलम २५ आहे. कंपनी अपिलात गेली तर स्थगिती खरंच मिळाली आहे का ते आदेश उघडून वाचा. ‘मॅटर सुप्रीम कोर्टात आहे’ एवढं ऐकून जिल्हाधिकारी कार्यालयातली वसुली थांबल्याची उदाहरणं कमी नाहीत. नुसतं अपील दाखल झाल्याने वसुली थांबत नाही, हे त्या कार्यालयाला लेखी कळवा आणि पत्राची आवक नोंद घ्या.

पैसे जमा झाले तरी ते बहुधा मंडळाच्या खात्यात जातात, ओढ्यात नाही. ओढा स्वच्छ करण्याचा आराखडा कोण करणार, कोणत्या मुदतीत, विहिरी पुन्हा कधी तपासणार आणि तोपर्यंत पिण्याचं पाणी कोण देणार, हे आदेशात नसेल तर पुढच्याच तारखेला त्यासाठी अर्ज द्या.